खारट असेल तर आत

आमच्या गावच्या आंतरराष्ट्रीय महिला बॅडमिंटन स्पर्धेचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. मी लिहायला घेतला तर सुरुवात प्लास्टिकच्या डब्यांपासून करावी लागेल, आणि डब्यांचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू. तिळगूळ घ्यायचा, कुंकू लावून घ्यायचं आणि निघताना हातात वाण. वाण म्हणजे घरची बाई येणारीला देते ती लहानशी वस्तू. गावातल्या सगळ्या बायका ते एकाच दुकानातून आणायच्या, त्यामुळे रथसप्तमीला प्रत्येकीच्या फळीवर तेच डबे, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसायचं नाही. एका वर्षी मी घरात जाहीर केलं की यंदा मी डबा देणार नाही, मेले तरी देणार नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग काय धोंडा देशील?"

मी दिल्या रॅकेटी. माझं माहेर पालीचं. शाळेत असताना मी बॅडमिंटन खेळायचे आणि बरं खेळायचे, हे माझं मीच सांगते कारण दुसरं कुणी सांगत नाही. लग्न झालं आणि रॅकेट माहेरच्या माळ्यावर गेली. अलिबागच्या बाजारात एका दुकानाबाहेर रॅकेटींचा घोस टांगलेला दिसला आणि मी चमचे घ्यायला गेलेली बाई रॅकेटी घेऊन घरी आले. त्यातही डोकं लढवलं. निम्म्या बायकांना नुसती रॅकेट दिली आणि निम्म्यांना नुसतं फूल. शटलकॉकला आमच्याकडे फूलच म्हणतात. एकटीला काही करता येऊ नये, दुसरीच्या दारात जावंच लागावं, असा तो डाव होता.

आधी सगळ्यांनी नावं ठेवली. एकीने रॅकेटीने पापड उलटले, एकीने फूल गाडीच्या आरशाला टांगलं. पण आठवड्याने भातझोडणीच्या सामायिक खळ्यावर आम्ही चौदा जणी जमलो. भात कधीच घरात गेलेलं, खळं नुकतंच सारवलेलं, हात फिरवून बघावा असं गुळगुळीत. नेट म्हणून शेजारच्या कोळीवाड्यातलं जुनं जाळं बांधलं. त्याच्या वासाने तीन मांजरं शेवटपर्यंत बसून होती, तेच आमचे पहिले प्रेक्षक.

ती स्पर्धा पुरी झालीच नाही. हळदीकुंकवासारखी आम्ही तीही संध्याकाळी ठेवली, काळ्या साड्या नेसून. समुद्राकडून असा वारा सुटला की मारलेलं फूल मारणारीच्याच डोक्यावर पडायचं. शेवटचं फूल खाडीकडच्या तिवरांच्या झाडीत गेलं आणि खेळ संपला. सासूबाई खळ्याच्या दगडी गडग्यावर बसून सगळं बघत होत्या. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "जलम खाडीवर काढला तिला तरी इचारायचं, वारा कवा पडतो त्ये." मग त्यांनीच सांगितलं की उजाडल्यावर सुरू करा आणि अकराच्या आत आटपा, मधल्या वेळात पान हलत नाही. तेव्हापासून आमची स्पर्धा सकाळी असते, ओळीने तीन रविवारी.

आता ती आंतरराष्ट्रीय कशी झाली ते सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला मुंबईकरांचे बंगले आहेत. मालक शनिवारी मांडव्याला बोटीतून उतरतात आणि रविवारी परत बोटीत बसतात. उरलेले पाच दिवस बंगले सांभाळतात नेपाळी जोडपी. त्यातली एक बाई पहिल्याच वर्षी आमच्या हळदीकुंकवाला आली होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हसली की डोळे मिटणारी. मला म्हणाली, आमच्यात धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात. मी म्हटलं, मग तू बहिनी, मी दिदी, झालं. तिच्या वाट्याला रॅकेट आली. तिने ती हातात घेतली आणि मनगट नुसतं एकदा फिरवलं. ते मनगट बघूनच मला कळलं. डोंगरातल्या शाळेत, दोरी बांधून, थंडीत अंग तापवायला ही बाई लहानपणापासून खेळत आलेली होती.

बहिनीची गंमत अशी की ती मराठी शिकली आमच्या सासूबाईंकडून. दुपारी बंगल्यावरून उतरायची आणि आमच्या पडवीत त्यांच्याबरोबर मासे साफ करत बसायची. त्यामुळे ती अस्सल आमच्या गावचं बोलते, हाय, न्हाय, मना, तुना. आणि मी पालीहून आलेली, बावीस वर्षं या घरात, अजून पुस्तकातलं बोलते म्हणून चेष्टेचा विषय. नवीन माणूस आला की परदेशी मलाच समजतो.

दुसऱ्या वर्षी फ्लेक्स लागला, त्याला कारण आमचे यजमान. त्यांचा ट्रकचा धंदा आणि उरलेला जीव क्रिकेटात. गावच्या पोरांची टेनिस बॉलची स्पर्धा असते, तिचा फ्लेक्स नाक्यावर, "भव्य तालुकास्तरीय". मी सहज म्हटलं, आमचाही एक लहानसा लावा की. तर म्हणतात कसे, "तुमच्यावर काय लिहायचं, आळीस्तरीय?" आणि वर हसले. मी बोलले नाही की घरातल्यांनी सावध व्हायचं असतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी छपाईच्या दुकानात उभी. म्हटलं, "लिही, आंतरराष्ट्रीय."

पोरगा म्हणाला, "काकी, किती देश?"

"दोन. तू लिही."

फ्लेक्स क्रिकेटच्या फ्लेक्सच्या बरोबर वर टांगला. यजमान दोन दिवस खाली मान घालून जेवले. पुढे चौथ्या वर्षी बंगल्यावर एक गोरी पाहुणी आली, तिलाही आम्ही खेळायला घेतलं. आमच्या अंगणवाडीताईने तिला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, पण बाई मनाने मोठी, चार तिळाचे लाडू खाऊन गेली आणि नंतर खऱ्या पिसांच्या फुलांचं खोकं पाठवलं. त्या वर्षी फ्लेक्सवर कागद चिकटवून दोनाचे तीन देश केले. ती परत गेली तरी कागद काढला नाही. एकदा आलेला देश परत जात नाही, असं आमचं मत आहे.

बक्षीस म्हणजे पितळेची कळशी. जिंकेल तिने वर्षभर घरी ठेवायची आणि पुढच्या संक्रांतीला चिंच लावून घासून आणायची. ती कळशी सहा वर्षं बंगल्याच्या मागच्या खोलीत राहिली. सहाही वेळा अंतिम सामना बहिनीचा आणि माझा, आणि सहाही वेळा मी हरले. कधी दोन गुणांनी, कधी अगदी लाज जाईल अशी. ती धावायची नाही. एका जागी उभी राहून मला धावडवायची, आणि मी धापा टाकायला लागले की काळजीने विचारायची, "दिदी, पानी देव का?" असा संताप यायचा की काय सांगू. आणि तिच्याशिवाय मला करमायचंही नाही, ते आहेच.

आता मिठाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

खळ्यावर आखायच्या रेघा मी पहिल्या वर्षी चुन्याने आखणार होते. सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. घरात पोत्याने मीठ असताना चुना कशाला? आमच्या गावाचा जन्म मिठागरांवर गेलेला. आता बरीचशी बंद पडली, पण एखाद-दुसरं चालू आहे आणि जाडं मीठ अजून घरोघर असतं. सारवलेल्या खळ्यावर मिठाची रेघ पांढरीशुभ्र दिसते, हे मात्र खरं. मिठात आयुष्य गेलेल्या त्या बायकांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की गावात म्हशी आहेत.

दुसऱ्या वर्षी उपांत्य सामना ऐन रंगात असताना शेजारच्या काकूंची म्हैस आली आणि मागची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून गेली. आम्ही हाकलेपर्यंत कोर्ट निम्मं साफ. त्याच वेळी फूल नेमकं तिथे पडलं. एक म्हणते आत, एक म्हणते बाहेर, दोघींचे पदर खोचलेले, आता झिंज्या धरतात असं झालं. तेव्हा सासूबाई गडग्यावरून उठल्या. फुलाच्या बुचाचा सारवणावर बारीक ठसा उमटला होता. त्यांनी तिथे बोट दाबलं, जिभेला लावलं आणि सांगितलं, "खारट हाय. आत."

मिटलं. दोघींनी मान डोलावली आणि खेळ पुढे सुरू. शेणाने सारवलेली जमीन चाखताना बघून मला पालीकरणीला कसंसंच झालं, पण बाकी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कारण ती जीभ सगळ्यांच्या ओळखीची होती. सासूबाई उमेदीत मिठागरावर होत्या. खाजणाचं पाणी बोटाने जिभेला लावून सांगायच्या की मीठ धरायला अजून दोन दिवस आहेत, किंवा पाणी कडवट झालं, सोडून द्या. मालकाकडे मोजायचं यंत्र होतं, तरी तो आधी यांना विचारायचा. मीठ म्हैस चाटून गेली तरी रेघेखालच्या जमिनीत उतरलेलं असतं, आणि दोन बोटं पलीकडे नसतं. खारट असेल तर आत, नसेल तर बाहेर. हा आमच्या स्पर्धेचा नियम झाला. नंतर कुणी चुन्याचं नाव काढलं नाही. म्हशीलाही आता स्पर्धेचा दिवस कळतो.

एक कबूल करते. पाचव्या वर्षी त्यांनी एक फूल माझ्याविरुद्ध दिलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं की बहिनी त्यांची लाडकी आहे. मी ते मनात ठेवलं नाही, घरी जाऊन तोंडावर बोलून दाखवलं. माझं असंच आहे. त्या म्हणाल्या, "जिबेला लाडकीदोडकी कलत न्हाय." आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तर यंदाचं वर्ष आठवं. दिवाळीनंतर एका दुपारी बहिनी पडवीत बसून म्हणाली की हा आमचा शेवटचा हिवाळा. गावाकडे घर बांधून झालंय, मुलं मोठी झाली, माघ संपला की निघणार. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला रडू आलं, ते आलंच. आणि खरं सांगायचं तर रडता रडता दुसराही विचार आला की म्हणजे मला आता एकच संधी. पुढच्या वर्षी मी कळशी जिंकलेही असते, पण बहिनी नसताना जिंकलेल्या कळशीत मी काय पाणी भरू? मला तिला हरवून जिंकायची होती. एकदाच, पण हरवून.

मी तयारीला लागले. पहाटे उठून खाडीच्या बांधावर धावायचे, यजमान सायकलवरून मागे, हसू दाबत. अंगणात भिंतीवर फूल मारून मारून चुना उडवला.

पण त्याच महिन्यांत घरात एक दुसरंच चाललं होतं. गणपतीनंतर सासूबाईंना ताप आला होता, तो गेला. आणि मग रोज जेवताना "मीठ न्हाय" सुरू झालं. आमटीत मीठ नाही, कालवणात मीठ नाही, बावीस वर्षांत मीठ घालायला शिकली नाही. मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. खडाजंगी झाली आमची, दोनदा तर भांडी आपटेपर्यंत. मग एका दुपारी मी विहिरीवरून आले तर त्या चुलीपाशी कढीत मीठ घालत होत्या. मूठ, मग अजून मूठ. वाटीत घेऊन प्यायल्या आणि चेहऱ्यावरची रेष हलली नाही. माझ्याच्याने ती कढी जिभेवर ठेववली नाही. मी दारात उभी राहिले. माझ्या लक्षात आलं की त्यांची चव गेली आहे आणि त्यांना ते कुणाला कळू द्यायचं नाही.

सासूबाईंसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. त्यांचं जेवण वेगळं काढायला लागले, मीठ बेताचं घालून, कारण वरून घेऊन घेऊन त्यांचा रक्तदाब वाढला असता. त्या "मीठ न्हाय" म्हणायच्या, मी "असं होय, उद्या घालते" म्हणायचे. यजमान म्हणाले, काय गं, भांडण थांबलं, बरी आहेस ना?

आणि स्पर्धा जवळ आली तशी मला दुसरीच धास्ती. म्हैस आली, रेघ चाटली आणि वाद झाला, तर सगळं गाव कुणाकडे बघणार? म्हणून मी शेजारच्या काकूंकडे गेले आणि म्हटलं, यंदा म्हैस पार खाली आमराईत बांधा. काकूंना लागलं ते. "सहा वर्सं येते ती, आताच तुना आडवी आली?" म्हणाल्या. मी हात जोडले. मी हात जोडलेले बघूनच त्या घाबरल्या असाव्यात, बांधते म्हणाल्या.

पहिल्या दोन रविवारी म्हैस फिरकली नाही. एकही वाद झाला नाही. सासूबाई गडग्यावर पाय सोडून बसायच्या, आणि मला वाटतं त्यांनाही आतून हायसं वाटत होतं.

अंतिम सामन्याला गाव लोटलं. बहिनी जाणार हे सगळ्यांना कळलेलं. क्रिकेटवाली पोरंही आली, यजमान खुर्च्या मांडत होते. पहिला गेम बहिनीने घेतला. दुसरा मी घेतला, कसा ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की पहिल्यांदाच ती धावत होती. मध्ये आम्ही पाणी प्यायलो. शेजारच्या काकूही तिथेच चहा वाटत होत्या, सकाळपासून खळ्यावरून हलल्या नव्हत्या, आणि म्हशीचं दावं तपासायला कुणी गेलं नव्हतं. आम्ही सगळ्या चहाभोवती असताना ती आली. वर्षभराची भूक असल्यासारखी मागची रेघ चाटून घेतली. पोरांनी हाकलली तेव्हा पांढरा कण शिल्लक नव्हता. नव्याने मीठ घालायला वेळ नव्हता, साडेदहा होऊन गेलेले, जाळं जरा जरा हलायला लागलं होतं. सगळ्या म्हणाल्या, खेळा, आजी आहेत की.

तिसरा गेम. मी एवढंच सांगते की मी वीसवर होते आणि ती एकोणीसवर. एक गुण. बहिनीने उंच फूल मारलं, माझ्या डोक्यावरून मागे. मी मागे सरकले, रॅकेट उचलली आणि खाली घेतली. मला वाटलं बाहेर जातंय. मी सोडलं. फूल पडलं, नेमकं तिथे, जिथे रेघ होती किंवा नव्हती.

सगळ्यांनी गडग्याकडे बघितलं.

सासूबाई उतरल्या. सावकाश आल्या, वाकल्या, ठशावर बोट दाबलं, जिभेला लावलं. एरवी पापणी लवायच्या आत निकाल यायचा. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मला माहीत होतं की त्यांना काहीही लागत नाहीये. त्या काहीही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. बाहेर म्हणाल्या असत्या तर मी जिंकले असते, आत म्हणाल्या असत्या तर खेळ पुढे गेला असता, आणि गावाने मान डोलावली असती. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मी मनात म्हणत होते, बाहेर म्हणा, आई, एकदा बाहेर म्हणा.

त्या सरळ झाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मना न्हाय कलत. माजी जीब गेली. गनपतीपासून मना खारट न्हाय नि गोड न्हाय."

बहिनी धावत येऊन त्यांचा हात धरून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे आजी, तो गुण परत खेळू. त्या म्हणाल्या, "परत कशाला? नियम हाय." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला चाखू दे."

अंगणवाडीताई म्हणाली, "आजी, अहो, ती तर खेळतेय. तिचाच गुण आहे."

"मग? बावीस वर्सं माज्या तोंडावर खरं बोलते. मना वाईट वाटंल म्हणून कदी थांबली न्हाय. ती एका फुलासाटी खोटं बोलंल?"

बावीस वर्षांत या बाईने माझ्या भाकरीला बरी म्हटलं नव्हतं. आणि आज भर गावात हे. मी खाली बसले. मी ठसा बघितला. त्यांच्या बोटाच्या शेजारी माझं बोट दाबलं. शेणाची जमीन, माझं पालीचं माहेर, सगळं विसरले आणि बोट जिभेवर ठेवलं.

खारट होतं. लख्ख खारट, शंकेला जागा नव्हती.

मी म्हटलं, "खारट आहे. आत."

वीस-वीस झाले. पुढचे दोन गुण बहिनीने घेतले. मी शेवटचं फूल जाळ्यात मारलं, त्यात वाऱ्याचा किंवा म्हशीचा काही दोष नव्हता. बहिनी जाळ्याखालून वाकून पलीकडून आली आणि माझ्या गळ्यात पडली. रडत होती आणि हसतही होती. कानात म्हणाली, "दिदी, म्या असती ना, तर म्या अलनी बोलली असती." मी तिला एक धपाटा घातला. मग दोघी तिथेच खळ्यावर बसून इतक्या हसलो की मांजरं उठून गेली.

कळशी तिच्याबरोबर जाऊ दे असं सगळ्यांनी ठरवलं. त्यामुळे आमची कळशी आता नेपाळात आहे आणि गतविजेती परदेशात, तेव्हा पुढच्या वर्षी फ्लेक्सवरचा शब्द बदलायची काही गरज नाही. यजमानांनी स्वतःहून सांगितलं की पुढच्या वेळी नवा छापू, आधीपेक्षा मोठा.

त्या दुपारी घरी आलो. मी घाईघाईत बोंबलाचं कालवण केलं आणि तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. बहिनीही जेवायला होती. मी सवयीने सासूबाईंचं कालवण वेगळ्या वाटीत काढायला गेले, तर त्या म्हणाल्या, "नको. सगल्यांचं तेच दे. मना म्हाईत हाय तू वेगलं काढतंस. पयल्या दिसापासून म्हाईत हाय." मी पळी हातात धरून उभी. बहिनी खाली बघून हसत होती, म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि तोंडाशी नेऊन थांबल्या. बावीस वर्षं त्या सांगत आल्या होत्या की मीठ कमी आहे, मीठ जास्त आहे. आज त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मीठ बराबर हाय का गं?"

मी त्यांच्या ताटातलंच बोटाने चाखलं. "बरोबर आहे, आई."

"मग झालं," म्हणाल्या, आणि जेवायला लागल्या.